पहिल्या क्षणाची वीज

पावसाळ्याच्या दिवसांत वीज जाणे आणि घटकाभराने परत येणे, हे आपल्या गोव्यात कोणास नवल वाटण्याजोगे राहिलेले नाही. नवलाचा प्रकार पुढेच घडतो. वीज परत येते आणि त्याच क्षणी शाळेच्या संगणक-कक्षातील एमसीबी खाडकन खाली पडतो. तो वर करावा, तर पुन्हा पडतो. मग कोणीतरी जाणत्याच्या थाटात म्हणतो, "सोळाच्या जागी बत्तिसाचा बसवा, म्हणजे कटकट मिटेल." ज्या घरांत अजून चिनी मातीचे जुने फ्यूज आहेत तेथे हाच सल्ला "जरा जाड तार गुंडाळा" अशा शब्दांत दिला जातो. हा सल्ला नुसता चुकीचा नव्हे, तर घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी भाषेचा शिक्षक असलो तरी कारण शोधल्यावाचून उपाय करू नये, हा नियम सर्वच विषयांना लागू आहे. म्हणून हे मत विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे सकारण मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम हिशेब करून पाहू. समजा, कक्षात २० संगणक आहेत आणि प्रत्येकास सुमारे १५० वॅट शक्ती लागते. एकूण ३००० वॅट झाले. त्यांस २३० व्होल्टांनी भागले असता धारा सुमारे १३ अँपिअर येते. एमसीबी तर १६ अँपिअरचा आहे. संगणक चालू असताना क्लँप मीटर लावला, तर तोही १३ च्या आसपासचाच आकडा दाखवितो. मग साहजिकच सर्वांचा संशय एमसीबीवर जातो. वस्तुतः येथे खोटे कोणीच बोलत नाही. मीटर सांगतो ती काम सुरळीत चालू असतानाची धारा, आणि एमसीबी पडतो तो पहिल्या क्षणाच्या धारेमुळे. ती उसळी सेकंदाच्या काही हजारांश भागांत येऊन ओसरते. साध्या मीटरला ती दिसतच नाही. ती पाहावयाची तर अशा उसळीचे मापन करण्याची खास सोय असलेला मीटर किंवा ऑसिलोस्कोप हवा.

ही उसळी येते कोठून? संगणकाचा पॉवर सप्लाय घरची प्रत्यावर्ती वीज प्रथम एकदिश करतो आणि ती एका मोठ्या धारित्रात साठवितो. वीज गेली की हे धारित्र हळूहळू रिकामे होते. पहिल्या सरींचे पाणी उन्हाने तापलेली कोरडी माती जशी क्षणात शोषून घेते, तसे हे रिकामे धारित्र वीज येताच धारा ओढून घेते. त्या क्षणापुरता त्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. घरच्या २३० व्होल्ट विजेचा दाब प्रत्येक आवर्तनात शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो. वाटेत ५ ओहम रोध आहे असे धरले, तर नेमक्या शिखराच्या क्षणी बटण दाबल्यास ६५ अँपिअरपर्यंत धारा उसळू शकते. हा रोध बहुधा मुद्दाम घातलेला असतो. अशा कामासाठी वापरला जाणारा थर्मिस्टर थंड असताना धारेला अडवितो आणि तापल्यावर तिला वाट मोकळी करून देतो.

आता वीज परत येते तेव्हा अशी वीस धारित्रे एकाच क्षणी तहानलेली असतात. तारांच्या रोधामुळे वीस उसळ्यांची पुरी बेरीज प्रत्यक्षात वाहत नाही, हे खरे. परंतु १६ अँपिअरचा 'बी' जातीचा एमसीबी ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान केव्हाही तत्काळ पडतो, आणि 'सी' जातीचा ८० ते १६० च्या दरम्यान. तेवढी मजल मारण्यास या उसळ्या पुरेशा आहेत.

आपण शाळेत ओहमचा नियम शिकतो, उदाहरणे सोडवितो आणि रोध ही जणू दगडावरची रेघ आहे असे मानून चालतो. घरचा तारेचा दिवाच पाहा. २३० व्होल्टांवर १०० वॅटचा दिवा पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो. तोच दिवा थंड असताना जेमतेम चाळीसच्या घरात. म्हणूनच जुना दिवा पुष्कळदा बटण दाबतानाच जातो. खुद्द ओहमलाही या पहिल्या क्षणाने छळले होते. तो कोलोन येथील शाळेत शिक्षक होता. त्याच्या घटाची धारा जोडणी करताच उसळे आणि मग घसरे. १८२५ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र बरोबर नव्हते. पुढे पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने स्थिर धारा देणारे उष्णतेवरचे विद्युत्युग्म वापरले, आणि १८२६ मध्ये त्याला खरा नियम गवसला. आकडा खरा असतो, पण तो कोणत्या क्षणाचा आहे हे विचारावेच लागते, हा यातील बोध आहे.

मग एमसीबी पडला असता विचारावे तरी काय? पहिला प्रश्न, नेमके काय पडले? भूगळती ओळखणारे उपकरण पडले असेल, तर कारण निराळे; तेथे जमिनीकडे झिरपणाऱ्या धारेचा शोध घेतला पाहिजे. दुसरा प्रश्न, ते केव्हा पडले? काही मिनिटांनी पडत असेल, तर भार जास्त झाला आहे. बटण दाबताच पडत असेल, तर उसळी तरी आहे किंवा शॉर्टसर्किट तरी. तिसरा प्रश्न, एकेक यंत्र सुरू केल्यास काय होते? सगळी एकेक करून सुरू होत असतील, तर दोष बहुधा कोणा एकाचा नसून सर्वांनी एकदम धावण्याचा आहे. एकच यंत्र प्रत्येक वेळी एमसीबी पाडीत असेल, तर त्याच्या आतील डायोड किंवा धारित्र जळाले असण्याचा संभव मोठा. चौथा प्रश्न, बंद केल्यावर लगेच सुरू केले तरच पडते काय? तसे असेल, तर तापलेला थर्मिस्टर अजून निवलेला नाही. एक-दोन मिनिटे थांबून पाहावे.

या प्रश्नांची उत्तरे मिळाली की उपायही बहुधा बिनखर्चाचा निघतो. वीज गेली की संगणकांची बटणे बंद करावी. वीज आल्यावर चार-चार यंत्रे थोड्याथोड्या अंतराने सुरू करावी. एवढ्याने भागले नाही, तर जाणत्या वायरमनकडून भार दोन परिपथांत वाटून घ्यावा, किंवा तारा आणि भूजोडणी तपासून १६ अँपिअरचाच, पण 'सी' जातीचा एमसीबी बसवून घ्यावा.

बत्तिसाचा एमसीबी हा मात्र उपाय नव्हे. एमसीबी संगणकाचे रक्षण करण्यासाठी नसून भिंतीतील तारेच्या रक्षणासाठी असतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. सोळा अँपिअरच्या हिशेबाने घातलेल्या तारेतून उद्या काही कारणाने पंचवीस-तीस अँपिअर वाहू लागले, तर बत्तिसाचा एमसीबी स्वस्थ बसून राहील, आणि तार भिंतीच्या आत, कोणाच्याही नजरेस न पडता तापत राहील. फ्यूजमधील जाड तारेचेही तेच. जे जळावयाचे ते पेटीत जळू दिले नाही, तर ते घरात जळते.

विद्यार्थ्यांनी हे प्रश्न जरूर विचारावे, उत्तरे वहीत टिपून ठेवावी. परंतु यंत्राची पेटी मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही धारित्रात प्राणघातक भार काही काळ शिल्लक राहू शकतो. ते काम जाणत्याचे. पालकांनी आपल्या घरचा फ्यूज एकवार जाणत्या वायरमनला दाखवावा आणि कोणी हौसेने जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर ती आजच काढून टाकण्यास सांगावे. अडचणीचा निरोप आणणाऱ्याचे तोंड बंद केल्याने अडचण टळत नसते. ती फक्त आपल्याला न सांगता येते.