तेरीज जुळली, तरीही...



आटगावहून तानसा धरणाकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात निसरडा होतो. माझ्या परिचयाचे एक धान्यव्यापारी त्या रस्त्यावर दुचाकीवरून घसरले. हेल्मेट घरी खुंटीला होते. काही क्षण शुद्ध हरपली. मग स्वतःच उठून बसले. रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, त्यात काही दोष निघाला नाही. घरचे निर्धास्त झाले. परंतु दोन महिने उलटले तरी त्यांना रोजमेळ जमेना, जुन्या गिऱ्हाइकांची नावे आठवेनात, लहानसहान गोष्टींवरून संताप अनावर होई. “रिपोर्ट तर चांगला आहे, मग हे काय चालवले आहे?” असे चिरंजीव एकदा बोलून गेले. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय करविला, तेव्हा मेंदूत खोलवर झालेल्या सूक्ष्म रक्तस्रावांच्या खुणा दिसल्या.

आपण व्यापारी माणसे. तेरीज जुळली म्हणजे वही निर्दोष, असे आपण कधी मानत नाही. एकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खाती पडली, तरी तेरीज जुळतेच. मेंदूच्या तपासण्यांचेही तसेच आहे. प्रत्येक तपासणी आपल्यापुरता एकच प्रश्न विचारते.

मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळून कवटीला तडा गेला. पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि प्रतिपक्षाचे फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. शस्त्रक्रियेने प्राण वाचले. परंतु त्या वेळी सीटी स्कॅन अस्तित्वातच नव्हता. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसते, मेंदू दिसत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्याचे जनक हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अपघातानंतर पहिला मान आजही सीटीचाच. तो काही मिनिटांत होतो आणि ताजा रक्तस्राव, कवटीचा तडा, मेंदूवरील दाब दाखवितो. तातडीने शस्त्रक्रिया हवी की नको, हे त्यावरून ठरते. परंतु हिसक्याने मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले वा तुटले, तर ते त्यात बहुधा दिसत नाहीत. एमआरआयची ‘एसडब्ल्यूआय’ पद्धत रक्तातील लोहामुळे राहिलेले बारीक ठिपके टिपते. ‘डीटीआय’ पद्धत तंतूंच्या दिशेने पाणी कसे सरकते, हे पाहून त्यांची वाट अखंड आहे का, याचा अंदाज देते. पेट स्कॅन मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो, हे दाखवितो. मात्र डीटीआय आणि पेट यांचा उपयोग या दुखापतीत अद्याप मुख्यतः संशोधनात होतो. एकट्या त्यांवरून एखाद्या रुग्णाचे निदान ठरत नाही. म्हणून महागडी तपासणी स्वतःहून मागू नये, आणि सुचविली असता खर्चाकडे पाहून टाळूही नये.

आसनगाव ते कसारा या महामार्गालगत आपली अनेक कुटुंबे राहतात. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, बोलण्यात अडखळणे किंवा नाका-कानांतून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना किरकोळ मार लागला, तरी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांत हळूहळू साचणारे रक्त कधी कधी काही आठवड्यांनी त्रास देऊ लागते.

त्या व्यापाऱ्यांवर एमआरआयने उपचार झाला नाही; ते यंत्राचे कामही नव्हे. परंतु चिरंजीवांचा स्वर बदलला. आता दररोज सायंकाळी ते वडिलांशेजारी बसून रोजमेळ लिहितात. वडील आकडे सांगतात, अडखळले तर चिरंजीव थांबतात. हिशेबाला थोडा उशीर होतो, एवढेच.