जमवू की!

आमची मारुती ८०० माझ्यापेक्षा एकाच वर्षाने लहान. १९९८चं, कार्बोरेटरवालं मॉडेल. मागच्या वर्षी बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एकच अट घातली, ‘‘इंजिनचं काम निघालं तर काटकसर करायची नाही.’’

मी नेमकी तीच केली!

गाडी धूर मारायला लागली होती. फिटर म्हणाला, इंजिन खोलू, बोअर करू, पिस्टन आणि रिंगा नव्या घालू. आकडा ऐकून माझाच धूर निघाला. नाना पेठेत पार्टस् शोधत फिरताना एका ठिकाणी रिंगांचा सेट अर्ध्या किमतीत मिळाला. पिस्टन होते ०.५० ओव्हरसाइझ, रिंगा ०.२५. फिटरला विचारलं, ‘‘चालेल?’’ तो म्हणाला, ‘‘जमवू की!’’ झालं, आपण खूश.

आता गणिताचा फंडा बघा. ८००च्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८.५ मिलिमीटर. झिजला की तो घासून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा करतात. पिस्टन आणि रिंगा त्याच मापाच्या लागतात. मला वाटलं, पाव मिलिमीटरने काय होतंय? पण रिंग गोल असते राव! व्यासातला पाव मिलिमीटर घेरात तिपटीहून जास्त होतो. म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट पाऊण मिलिमीटरने वाढते. मुळात ती हवी पाव मिलिमीटरच्या आसपास. त्या फटीतून गॅस खाली जातो, ऑइल वर येतं आणि जळतं.

हे सगळं मला कळलं खंबाटकी घाटात. साताऱ्याला निघालो होतो, बाबा शेजारी. चढावर गाडी उचलेना, मागे निळा धूर. बाबांनी आरशात पाहिलं आणि विचारलं, ‘‘रिंगा कुठून घेतल्यास?’’ मी सगळं सांगून टाकलं. साताऱ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर इंजिन पुन्हा खोललं. मजुरी, गॅस्केट, ऑइल... सगळं डबल. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले.

तर दोस्तहो, ८००चं उत्पादन २०१४ला थांबलं, पण पार्टस् अजून मिळतात. घेताना मात्र ‘८००चं आहे ना?’ एवढंच विचारू नका. माप विचारा. कार्बोरेटर की एमपीएफआय, तेही सांगा. पिस्टनच्या माथ्यावरचा आणि रिंगांच्या खोक्यावरचा आकडा स्वतः जुळवून बघा. आणि फिटर ‘जमवू की’ म्हणाला, तर गोड हसून नाही म्हणा.

गाडी आता मस्त पळते. पण बाबा शेजारी बसले की चढावर एकदा तरी आरशात मागे बघतात. धूर नसतो. तरी बघतात.