बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद? थांबा, आधी हे वाचा

गेल्या दिवाळीत बाबांनी बीपीची गोळी परस्पर बंद केली. विचारलं तर म्हणाले, "सोसायटीच्या शिबिरात मोजलं, 124/78 आलं. आता कशाला खायची?" आईनंही दुजोरा दिला, "एकदा सवय लागली की सुटत नाही म्हणे." महिन्याभराने डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा आकडा होता 172/104. डोकेदुखी नाही, चक्कर नाही. बाबा मजेत होते.

चूक नेमकी कुठे झाली? गिझरमधलं पाणी गरम आहे, कारण गिझर चालू आहे. बटण बंद केलं की ते लगेच गार होत नाही, पण होतंच. शिबिरातला 124 हा आकडा एकट्या बाबांच्या बीपीचा नव्हता, त्यात गोळीचंही काम होतं. त्यात अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा असर उतरायला काही दिवस जातात. त्यामुळे बंद केल्यावर दुसऱ्या दिवशीही मशीन चांगलाच आकडा दाखवतं आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीची गरजच नव्हती!

सवय लागण्याचं म्हणाल, तर ही नशेसारखी सवय नाही. बीपी वाढण्याचं मूळ कारण बहुतेकांत कायम राहतं, म्हणून गोळी कायम राहते. चष्म्याला आपण सवय लागली म्हणून नावं ठेवत नाही. काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, अचानक थांबवल्या तर हृदयावर ताण येऊ शकतो. डोस कधीच कमी होत नाही असंही नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं किंवा उठताना चक्कर येऊ लागली, तर डॉक्टर डोस कमी करतात. पण तो निर्णय त्यांचा.

आता उलट बाजू. एका वाढलेल्या आकड्यावरून कुणी पेशंटही ठरत नाही. दवाखान्यात साधारण 140/90 किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी आला, तर उच्च रक्तदाब मानतात. घरी मोजताना ही रेषा 135/85 धरतात. बीपी फारच जास्त असेल तर मात्र डॉक्टर वाट पाहत नाहीत. काहींचं बीपी फक्त डॉक्टरांसमोरच वाढतं. काहींचं दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त असतं, हे अधिक फसवं.

मोजण्याची पद्धतही तपासा. जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत, पायावर पाय टाकून किंवा लघवी तुंबलेली असताना मोजलं तर आकडा वर जातो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तरी तेच. चहा, तंबाखू अर्धा तास आधी टाळा. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर विसंबू नका, हे मी डिजिटल डेस्कवर बसून सांगतोय!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे किंवा त्यासाठी ते औषध घेतात. पक्षाघात, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं, या सगळ्यांची वाट इथून जाते. म्हणून शिबिरं हवीतच. पण तिथल्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी एक प्रश्न छापायला काय हरकत आहे: 'गोळी चालू आहे का?' उत्तर 'हो' असेल तर खाली लिहा, 'मग चालूच ठेवा, बदल डॉक्टरांना विचारून.' आमच्या सोसायटीच्या कमिटीला मी हे पत्र दिलंय.

आणि खर्चामुळे गोळी सुटली असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या नेहमीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. जाताना जुनी चिठ्ठी आणि बीपीची वही सोबत न्या.