यंत्राचा पगार

स्वस्त वस्तूइतके माणसाला दुसरे काहीच महाग पडत नाही, हे आपल्या आज्यांना पुरते ठाऊक होते. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण काही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेली नाही. आणे केव्हाच चलनातून गेले. म्हण मात्र अजून खणखणीत चालते. लहानसहान धंदेवाल्यांच्या घरी सध्या जी नवी कोंबडी आली आहे, तिच्याकडे पाहावे म्हणजे याची खात्री पटते. या कोंबडीचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता.

कोंबडी स्वस्त आहे यात शंका नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीवाल्यांनी खास भारतासाठी महिना ३९९ रुपयांची वर्गणी काढली आणि नोव्हेंबरात तीच नव्या वर्गणीदारांना वर्षभर फुकट देऊ केली. एवढ्या पैशांत दुकान झाडायलाही कुणी मिळत नाही! मग छापखानेवाल्यापासून शिकवणीवाल्यापर्यंत साऱ्यांना वाटू लागले, की गणपतीला गावी न जाणारा, आजारी न पडणारा आणि ऐन दिवाळीत बोनस न मागणारा नोकर आता आपल्याला मिळणार. ज्यांना असे वाटले, त्यांत ठाण्यातले आमच्या परिचयाचे एक फराळवालेही होते.

नवराबायको, चार आचारी, दोन पोरे आणि टेलिफोनवर मागण्या लिहून घेणाऱ्या एक काकू, असा त्यांचा बेताचा संसार. चकल्या, अनारसे, करंज्या थेट अमेरिकेपर्यंत जातात. त्यांनी २०२५ च्या श्रावणात गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवरील संदेशांना उत्तरे द्यायला यंत्र बसवले आणि मसाल्याचा खर्च सुरू झाला.

पहिला खर्च शिकवणीचा. या यंत्राला जगाचा इतिहास तोंडपाठ असतो; पण आपल्याकडची भाजणीची चकली किलोवर विकतात की नगावर, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. दर तीन वह्यांत विखुरलेले, आणि जे वहीत नव्हते ते काकूंच्या डोक्यात. ते सगळे लिहून काढण्यात त्या दांपत्याचा महिना गेला. त्या महिन्याचे बिल कुणी पाठवले नाही, म्हणून तो फुकट गेला असे समजायचे!

दुसरा खर्च मोजणीचा. नमुन्याची कोंबडी फुकट मिळते. ती दुकानाच्या घाण्याला जुंपायची तर निराळे पैसे पडतात. व्हॉट्सॲप धंदेवाल्यांकडून १ जुलै २०२५ पासून जाहिरातीच्या दर संदेशामागे आकार घेऊ लागले. बुद्धीचा आकार त्याहून वेगळा. तो ‘टोकन’ नावाच्या शब्दांच्या तुकड्यांवर होतो. आणि देवनागरी मजकुराचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडत असल्यामुळे तीच चौकशी मराठीत केली तर अधिक महाग पडते. मराठी माणसाला मराठी बोलण्याबद्दल जादा आकार! शिवाय बिल डॉलरांत, म्हणजे रुपया घसरला की नोकराचा पगार आपोआप वाढतो.

तिसरा खर्च देखरेखीचा, आणि खरी मेख इथेच आहे. नवा नोकर अडला की डोके खाजवतो. त्यावरून तरी आपल्याला कळते, की याला हे येत नाही. यंत्र कधी डोके खाजवत नाही. बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर ते सारख्याच अदबीने देते. म्हणजे प्रत्येक उत्तर वाचून पाहणे आले. समजा, दिवसाला शंभर उत्तरे आणि प्रत्येकी दोन मिनिटे. झाले तीन तास वीस मिनिटे. तेवढ्या वेळात काकू स्वतःच उत्तरे देऊन वर चहाही पीत.

बरे, न वाचता सोडून द्यावे, तर काय होते? कॅनडातल्या ‘एअर कॅनडा’ या विमान कंपनीच्या यंत्राने आजीच्या निधनामुळे निघालेल्या एका प्रवाशाला सांगितले, की सवलतीसाठी अर्ज प्रवासानंतरही करता येतो. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले. यंत्राच्या बोलण्याला यंत्रच जबाबदार, अशा थाटाचा बचाव कंपनीने केला; तो न मानता फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा हुकूम झाला. विमान कंपनीला ही रक्कम म्हणजे चिवड्यातला एक शेंगदाणा. पण लहान दुकानदाराचे काय?

आमच्या फराळवाल्यांचे काय झाले तेच सांगतो. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. कुरिअरवाल्याने नवे दर कळवले. काकूंनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवले. पण भिंतीवरचे यंत्राला दिसत नाही! ते आठवडाभर जुन्याच दराने होकार देत राहिले. फराळवाले सचोटीचे. “यंत्राने दिला तरी शब्द दुकानाचाच,” म्हणाले, आणि पदरमोड करून सगळी पार्सले रवाना केली.

चौथा खर्च कुठल्याच वहीत सापडत नाही. यंत्र आले म्हणून काकूंना अर्ध्या दिवसावर आणले होते, आणि पगारही अर्ध्यावर. यंत्राने मागच्या वर्षीची यादी घेऊन घरोघर विचारले, “यंदाही तितकेच अनारसे पाठवू ना?” त्यांतल्या एका घरी, ज्या आजोबांसाठी ते अनारसे जात, ते चैत्रातच वारले होते. काकूंना हे ठाऊक होते. दुःखाच्या घरी त्या वर्षी फराळ करीत नाहीत, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी न्यायचा असतो; काकूंनी कुणी न मागता तिथे डबा पोचवला असता. त्या घरून तक्रार आली नाही. पण पुढे मागणीही आली नाही.

मग काय, यंत्र उचलून अडगळीत टाकावे? मुळीच नाही. न्यू जर्सीतली लेक तिकडच्या दुपारी चौकशी करते, तेव्हा ठाणे झोपलेले असते. तिची चौकशी नीट टिपून ठेवायला यंत्रासारखा पहारेकरी नाही. पार्सलाची इंग्रजी चिठ्ठी ते चुटकीसरशी तयार करते. ज्या कामातली चूक लगेच दिसते आणि पुसता येते, ते त्याला खुशाल द्यावे. पण भाव, तारीख आणि पदार्थात दाणे आहेत की नाहीत, हे सांगणे म्हणजे दुकानाचा शब्द देणे; तिथे माणूसच हवा.

त्या दिवाळीनंतर फराळवाल्यांनी काकूंना पुन्हा पूर्ण दिवसावर बोलावले. आता यंत्र लिहिते आणि काकूंनी वाचल्यावरच उत्तर जाते. “पूर्वी एकच काम होते, आता यंत्राची मास्तरकीही आली,” असे म्हणून काकूंनी पगार वाढवून घेतला, आणि तो त्यांना मिळाला.

तेव्हा यंदा पाडव्याला नव्या वहीवर हळदकुंकू वाहाल, तेव्हा एक पान ‘यंत्राचा पगार’ म्हणून राखून ठेवा. त्यावर चार ओळी आखा: वर्गणी, शिकवणी, देखरेख आणि दुरावलेली गिऱ्हाइके. बेरीज करून जमा उरली, तर यंत्राच्या नावाने एक अनारसा जास्त खा. आणि पहिल्या तीन ओळी भरून चौथी कोरी राहिली, तर आपल्याही दुकानात कुणी काकू आहेत असे समजा, त्यांना जपा.