मालमोटारीचा हवामापक काढून टाकावा काय ?

स्वतःची पिकअप किंवा लहान मालमोटार बाळगणाऱ्या कित्येक सभासदांकडून हल्लीं एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. गाडी चढावर ओढत नाहीं, समोरच्या फळीवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाहीं, आणि तालुक्याच्या गांवीं लॅपटॉप घेऊन बसलेला कोणी कारागीर सांगतो कीं, "हवेचा सेन्सर गेला आहे, नवा घेऊं नका, मी तो कॉम्प्युटरांतूनच बंद करून देतों, गाडी पूर्वीपेक्षां जोरांत पळेल." हें करून घ्यावें काय ? आमचें उत्तर नकाराचें आहे. परंतु नुसता नकार देऊन भागणार नाहीं. कारण कारागिराच्या बोलण्यांत थोडें तथ्य आहे, आणि तें किती व कोठें लागू पडतें हें समजल्याशिवाय बाकीचा पोकळपणा ध्यानांत यावयाचा नाहीं.

तथ्य असें कीं, हवेचा सेन्सर नसतांनाही इंजिन उत्तम चालूं शकतें. पेट्रोल इंजिनास इंधन किती द्यावें हें ठरविण्यासाठीं आंत किती वजनाची हवा गेली हें कळावें लागतें. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात. हें वजन कळण्याच्या वाटा दोन. एक, हवेच्या नळींत तापविलेली तार किंवा पातळ पट्टी ठेवावयाची. वाहती हवा तिला निववते, आणि ती तापलेलीच ठेवण्यास जितकी वीज खर्चावी लागते तितकीवरून हवेचें वजन काढावयाचें. हाच हवामापक. दुसरी, हवा मुळींच न मोजतां इंजिनांत शिरणाऱ्या हवेचा दाब, तिची उष्णता आणि इंजिनाचे फेरे एवढें पाहावयाचें, व या स्थितींत सिलिंडर किती भरत असेल हें आधीं तयार करून ठेवलेल्या कोष्टकावरून ठरवावयाचें. पहिली रीत म्हणजे उसाची गाडी काट्यावर घालणें. दुसरी म्हणजे उभ्या पिकाची आणेवारी. आणेवारी करणारा जाणता असला तर त्याचा अंदाज काट्याच्या अगदीं जवळ जातो. पण ती आणेवारी त्याच शेताची व त्याच सालची असावी लागते.

दोन्ही रीती जुन्या व प्रतिष्ठित आहेत. बॉश कंपनीची १९६७ सालीं फोक्सवॅगन गाड्यांवर आलेली डी-जेट्रॉनिक पद्धति दाबावरच चाले; १९७४ सालच्या एल-जेट्रॉनिकनें नळींत हलती झडप बसवून प्रत्यक्ष मोजणी आणली. अमेरिकेंतील जनरल मोटर्सच्या पेट्रोल मालमोटारी १९८७ ते १९९५ पर्यंत दाबावर चालल्या, आणि १९९६ पासून त्यांच्या व्होर्टेक इंजिनांस हवामापक आला. डॉजच्या मालमोटारींत हेमी इंजिन आलें तें मात्र दाबाच्याच पद्धतीनें.

हवामापक काढण्याची हौस तिकडचीच. जनरल मोटर्सच्या ५.३ व ६ लिटरच्या मालमोटार-इंजिनांवर टर्बो चढविला, तर हवा इतकी येते कीं मापकाची मर्यादा संपते. कॅमशाफ्ट बदलला तर हवा नळींत मागेंपुढें हिसके घेते व मापक फसतो. मग ते लोक मापक काढतात. त्या कॉम्प्युटरांत मापक बिघडल्यास वापरावयाचें दाबाचें कोष्टक मूळचेंच असतें. मापक बिघडला आहे अशी त्याची कायमची समजूत करून दिली कीं तो कोष्टकावर चालूं लागतो. पण काम येथें संपत नाहीं, येथून सुरू होतें. कोष्टकांत एका बाजूस फेरे, दुसऱ्या बाजूस दाब, अशीं कांहीं शें घरें असतात. धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा रुंद पल्ल्याचा सेन्सर बसवून गाडी मंद, जलद, भरलेली, रिकामी अशी चालवावयाची, प्रत्येक घरांत मिश्रण किती चुकलें हें नोंदावयाचें, तेवढें घर सुधारावयाचें, व पुन्हां रस्त्यावर यावयाचें. अनेक मापकांच्या पोटांतच उष्णता पाहणारा सेन्सरही असतो. मापक गेला कीं तोही जातो, म्हणून तो वेगळा बसवावा लागतो. हें क्षुल्लक नव्हे. समुद्रसपाटीच्या दाबाला एक लिटर हवा १५ अंशांस सुमारें १.२२५ ग्रॅम भरते, ४५ अंशांस १.११ ग्रॅम, म्हणजे थंडींतली पहाट व मे महिन्यांतली दुपार यांत नऊ टक्क्यांचें अंतर पडतें. पुढें इंजिन झिजलें, सायलेन्सर बदलला, तर कोष्टकास त्याची वार्ता नसते. काट्यास ती आपोआप कळते.

एवढे कष्ट घेणारा मनुष्य हवामापक काढतो त्याबद्दल आमची कांहींच तक्रार नाहीं. प्रश्न आहे तो आपल्या डिझेल पिकअपचा, आणि तेथें हें सर्व शास्त्र लागूच पडत नाहीं.

डिझेल इंजिनांत हवा बहुधा गरजेपेक्षां जास्तच असते. इंधन किती जावें हें मुख्यतः पायाखालच्या पेडलवरून ठरतें. हवामापकाचें काम निराळें : जितकी हवा आहे तितकीला पेलेल त्यापेक्षां अधिक डिझेल जाऊं न देणें, आणि जळका धूर थोडा परत इंजिनांत घेणारी ईजीआर झडप किती उघडावी हें सांगणें. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चा नियम आल्यावर डिझेल गाड्यांस काजळी अडविणारी डी.पी.एफ. गाळणीही आली, तींत काजळी किती सांचली व ती केव्हां जाळावी या हिशोबांतही हवेचें माप येतें. लॅपटॉपवाला जें 'बंद' करतो, त्यांत बहुधा कोणतेंही नवें कोष्टक तयार होत नाहीं. मापाच्या जागीं एक ठरीव खोटा आंकडा बसतो, ईजीआर मिटते, डिझेलवरचा लगाम सैल होतो व दिवा गप्प केला जातो. लगाम सैल झाल्यानें गाडी ओढते खरी, आणि तेवढ्यावर मालक खूष होतो. परंतु न जळलेलें डिझेल काळ्या धुराच्या रूपानें जातें, धुराची उष्णता वाढून टर्बोला ताप होतो, गाळणी तुंबते. कंपनीची हमी जाते ती वेगळीच. टोमॅटो भरलेली गाडी घाटांत उभी राहिली म्हणजे सेन्सरचे वांचलेले पैसे कोणाच्या उपयोगीं पडणार ?

बरें, सेन्सर खरोखर गेलेला असतो काय ? पुष्कळदां नाहीं. उसाच्या फडाच्या वाटेवर जी धूळ उडते तिचा विचार करा. हलक्या प्रतीच्या किंवा सैल बसलेल्या एअर फिल्टरांतून ती आंत जाते व तापलेल्या पट्टीवर तिचा लेप बसतो; मग मापक खरी हवा कमी दाखवितो, कॉम्प्युटर डिझेल आंखडतो आणि गाडी मरगळते. कित्येकदां टर्बोपुढची रबरी नळी फाटलेली असते : हवा मोजली जाते पण वाटेंत निसटते, म्हणून काळा धूर येतो. गोठ्याशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदरांनीं कुरतडल्याचेंही आढळतें. अशा वेळीं प्रथम फिल्टर, नळ्या, पट्टे व वायर पाहावी. पट्टी फडक्यानें पुसूं नये, कॉम्प्रेसरची हवा तिच्यावर मारूं नये. त्यासाठींच मिळणारा फवारा मारून ती वाळूं द्यावी. मापकाची पिन काढून गाडी चालवून पाहण्याची मिस्त्र्यांची रीत परीक्षेपुरती ठीक आहे. गाडी सुधारली तर संशय मापकावर. परंतु पिन काढून वर्षभर हिंडणें म्हणजे तापमापक फोडून ताप उतरला असें मानणें होय.

खरी अडचण अशी कीं आपणांपाशीं पाहण्याचें साधनच नाहीं. मापक किती हवा दाखवितो हें स्कॅनर लावतांच पडद्यावर दिसतें. पण स्कॅनर सर्व्हिस स्टेशनपाशीं किंवा त्याच लॅपटॉपवाल्यापाशीं. ज्याला गिऱ्हाईक हवें त्याच्याच हातांत नाडी द्यावी हा व्यवहार आम्हांस पसंत नाहीं. ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं जुलै २०२२ मध्यें समिति नेमली, तींत शेतीचीं यंत्रें व मोटारी या दोहोंचा समावेश होता. अमेरिकेंत मॅसाच्युसेट्स संस्थानच्या मतदारांनीं २०१२ सालींच मोटारींपुरता हा हक्क कायद्यानें मिळविला. आपल्याकडे कायद्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. सोसायटी फवारणीयंत्र विकत घेऊन सभासदांस भाड्यानें देते. तसाच एक चांगला स्कॅनर घ्यावा, तो वापरण्यास एका होतकरू मुलास शिकवावें, आणि गाडी धड आहे तोंवरच इंजिन सावकाश चालत असतां व दोन हजार फेऱ्यांस मापक काय दाखवितो तें वहींत लिहून ठेवावें. पुढें बिघाड झाला म्हणजे तुलनेस तीच वही कामास येईल. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वींच्या सभेंत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी चिटणिसांस आमची सूचना आहे.