पुनर्वसनाचा गज कोणता?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या गावांच्या परिसरात धरणी हादरली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. काही क्षणांत आठ हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुतेक आपल्याच घरांच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. या घटनेस तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तथापि जे जगले त्यांस पुन्हा उभे करताना कोणता न्याय लावला गेला, याचा विचार आजही अगत्याचा आहे. कारण भूकंप पुन्हा होणार नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले होते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या विचारास जाहीर हरकत घेतली होती. अस्पृश्यता हे पाप खरेच. परंतु जमिनीच्या पोटातील खडकांस पापपुण्य कळत नाही. किल्लारीत माणसे मारली ती भिंतींनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती, त्यांतील दगड एकमेकांस बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार! उलट कुडाच्या भिंतींत आणि हलक्या छपराखाली निजलेली माणसे पुष्कळ ठिकाणी वाचली. ज्या वाड्यास गाव प्रतिष्ठा मानीत होते तो कोसळला, आणि गरिबाची झोपडी तगली. हे दैव नव्हे, बांधकामाचे शास्त्र आहे. आणि शास्त्र शिकता येते.

त्यानंतर सरकारने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वांत अधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली; अन्य गावांतील घरांची दुरुस्ती व बळकटी केली. हे काम लहान नव्हते, आणि त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु नव्या गावात कोणास केवढे घर द्यावे हे ठरविताना सरकारने सातबारा पुढे ठेवला. भूमिहीनास २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यास ४०० चौरस फूट, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट, अशी प्रतवारी झाली.

या प्रतवारीचे समर्थन असे केले जाते की शेतकऱ्यास धान्य, अवजारे आणि जनावरे ठेवण्यास जागा लागते, शिवाय त्याचे पडलेले घरही मोठे होते. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. जनावरांसाठी गोठा द्यावा, धान्यासाठी कोठार द्यावे. आमची त्यास हरकत नाही. परंतु निजण्याबसण्याची, चूल मांडण्याची, बाळंतिणीस आडोसा देण्याची गरज जमिनीच्या एकरांवर अवलंबून नसते. ज्याच्या घरी सात माणसे आहेत त्या मजुरास २५० चौरस फूट, आणि ज्याच्या घरी चार आहेत त्या बागायतदारास तिप्पट, हा हिशेब कोणत्या गजाने केला? मराठवाड्याच्या खेड्यांत जमीन कोणाच्या हाती आली आणि कोणाच्या हाती आली नाही, हे पिढ्यान् पिढ्या जातीने ठरविले आहे. सबब सातबाऱ्याचा गज हा बव्हंशी जातीचाच गज ठरतो. आणि कर्जाचे ओझे तर सर्व प्रजेवर सारखे पडते. भूमिहीन मजूरही आगपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा गुजरात सरकारने निराळा मार्ग धरला. घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने पैसे दिले, बांधकामाची तपासणी केली आणि घर त्याने स्वतः बांधावे असे ठरविले. यात लोकांचा हात आणि लोकांचे मत दोन्ही कामी आले. परंतु तेथेही अडचण तीच होती. ज्याच्याजवळ मालकीचा कागद नाही त्याने हप्ता कोणत्या आधारावर मागावा?

किल्लारीनंतर १२ वर्षांनी, २००५ साली, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला. त्याच्या ६१ व्या कलमाने मदत व भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. या यादीत 'जमीन' हा शब्द नाही, हे आम्ही जाणतो. तथापि संविधानाच्या १४ व्या कलमातील समतेचे तत्त्व जिवंत आहे, आणि ज्या मापाने नेमका एकच वर्ग तळाशी राहतो ते माप त्या तत्त्वावर घासून पाहिलेच पाहिजे. सरकारी पैशातून बांधलेली विहीर, तलाव वा रस्ता वापरण्यास जातीवरून कोणासही अडविता येत नाही, हे १५ वे कलम सांगते. म्हणून नवे गाव आखताना जुन्या गावकुसाची रेघ नव्या नकाशावर उमटू देता कामा नये.

आमच्या बंधुभगिनींस आमचे सांगणे आहे की, हक्क संकटाच्या दिवशी शोधावयाचा नसतो. तो आधीच नोंदवून ठेवावयाचा असतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आपले घर नोंदलेले आहे की नाही हे आजच पाहावे. नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करून घ्यावी, म्हणजे विधवेस दारोदार फिरावे लागणार नाही. कागदांची एक प्रत परगावच्या नातलगाकडे ठेवावी. पंचनामा होताना हजर राहावे, आणि तो वाचून घेतल्यावाचून अंगठा वा सही करू नये. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी असा आग्रह धरावा. आणि त्या सभेस स्त्रियांनीही गेले पाहिजे. घर बांधताना भिंतीत आरपार दगड घालावे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींस जोडणारा पट्टा घ्यावा आणि छप्पर हलके ठेवावे.

शासनाकडे आमची मागणी एकच आहे. पुढील आपत्ती येण्यापूर्वीच त्याने जाहीर करावे की, पडलेल्या गावात घराचे माप घरातील माणसे मोजून ठरेल. एकर मोजून ठरणार नाही.