कूलंटचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? पाणी ओतण्याआधी तपासणीचे पैसे द्या!

मंगळवेढ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि सोलापूर रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. तक्रार बहुतेकांची सारखीच असते. कूलंटचा दिवा लागतो, पाणी टाकले की विझतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा लागतो. दोष उन्हाला दिला जातो. पण कूलिंग यंत्रणा ठणठणीत असेल, तर गाडी ४२ अंशांतही एसी लावून चालते. दिवा परत लागतो, कारण पहिल्या वेळी बिघाड शोधलेलाच नसतो. याला मेकॅनिकइतकेच आपण ग्राहकही जबाबदार आहोत.

पाणी जाते कुठे?

कूलिंग यंत्रणा ही बंद यंत्रणा आहे. झाकण दाब धरून ठेवते. हा दाब साधारण १ बार असतो आणि त्यामुळे १०० अंशांना उकळणारे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणजेच कूलंट पेट्रोलसारखे ‘खर्च’ होत नाही. महिन्या-दोन महिन्यांत टाकीतील पातळी दिसण्याइतकी उतरत असेल, तर ते बाहेर गळते आहे किंवा इंजिनाच्या आत जाते आहे. ‘गाडी थोडे पाणी खातेच’ या समजुतीला आधार नाही.

दिवा कोणता, हे आधी ओळखा

काही गाड्यांत पातळीचा आणि तापमानाचा दिवा वेगळा असतो. पातळीचा दिवा लागूनही टाकीतील कूलंट दोन खुणांच्या मध्ये असेल, तर सेन्सर अडकलेला किंवा त्याचा कनेक्टर खराब झालेला असू शकतो. तापमानाचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका. दाब सुटताच उकळते पाणी उसळून तोंड आणि हात भाजतात. तापमानाचा काटा जागेवर आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. कूलंट फारच कमी झाले, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचे दाखवू शकतो.

घरी काय पाहाल?

सकाळी इंजिन थंड असताना टाकीवर पातळीची खूण करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. रंगीत डाग दिसला, तर त्याच्या वरचे होज, क्लिप, रेडिएटर आणि वॉटर पंप पाहा. पायाखालचे मॅट ओले आणि गोडसर वास असेल, तर संशय हीटरच्या कॉइलवर जातो. पुठ्ठा कोरडा राहूनही पातळी उतरत असेल, तर दुखणे आत असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि टाकीत बुडबुडे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत.

पातळी उतरत नाही, पण गाडी गरम होते, असे असेल तर पंखा, त्याचा रिले आणि थर्मोस्टॅट तपासा. काळ्या रानातल्या धुळीने आणि उसाच्या पाचटाने रेडिएटरच्या जाळ्या बुजल्या आहेत का, हेही पाहा.

बोअरचे पाणी आणि हळदीचा जुगाड

तालुक्याचा दक्षिण भाग दुष्काळी. हाताशी असते ते बोअरचे पाणी, तेही जड. त्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात. भांड्याला बसतो तोच थर इंजिनातल्या अरुंद वाटांमध्ये बसला की उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय दर वेळी पाणी ओतल्याने कूलंट पातळ होते आणि गंज रोखण्याची त्याची ताकद कमी होते. अडचणीत इंजिन थंड करून पाणी टाकणे आणि गॅरेज गाठणे ठीक आहे. पण तो उपाय नव्हे. भरताना कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुगाड जुनाच आहे. ती भोक बुजवते, तशीच बारीक नळ्याही बुजवते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचेही तसेच. गाडी तात्पुरती थंड राहते, पण इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते आणि अ‍ॅव्हरेज पडतो.

मग उपाय काय?

गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट मागा. थंड इंजिनावर हातपंपाने झाकणाइतका दाब देऊन दहा-पंधरा मिनिटे काटा पाहतात. काटा उतरला तर गळती आहे. झाकणही वेगळे तपासता येते. आतल्या गळतीचा संशय असेल, तर कूलंटमध्ये इंजिनाचा वायू मिसळतो का, याची रासायनिक चाचणी होते. दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा काढली का, हेही विचारा. हवा अडकली तर नवा पार्ट बसवूनही दिवा लागतो.

खरी अडचण इथेच आहे. आपण पार्टचे पैसे बिनतक्रार देतो, पण ‘फक्त बघायचे’ पैसे मागितले की वाद घालतो. मग मेकॅनिकही अंदाजाने आज झाकण, उद्या थर्मोस्टॅट, परवा पंप बदलतो. त्याचा तासभर वेळ आणि कौशल्य आपण फुकट धरले, तर तो तरी दुसरे काय करणार? तपासणीचा दर आधी ठरवा, निष्कर्ष बिलावर लिहून घ्या आणि मगच पार्ट बदलू द्या. गॅरेजवाल्यांनीही तपासणीचा दर फलकावर लावावा.

दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. इंजिन तापून हेड वाकले, तर हेड उतरवणे, फेसिंग आणि नवे गॅस्केट असा खर्च हजारोंत जातो. ज्याचे पोट भाड्याच्या गाडीवर आहे, त्याचे तेवढे दिवस उत्पन्नही बुडते. एका साध्या क्लिपपायी ही वेळ येऊ नये.

आणि एक काळजी घ्या. काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. ते विषारी असते आणि चवीला गोड असल्याने कुत्री, वासरे चाटू शकतात. ते झाकणबंद कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या.